गोल्फमधला ड्रायव्हरचा स्लाइस, तीन स्विंग-पद्धती, तीन शिक्षक: कुणाचं म्हणणं धरायचं, हे ठरवायचं कसं?

वाळूज_गोल्फ

नमस्कार मंडळी,

मुक्काम छत्रपती संभाजीनगर, नोकरी वाळूज एमआयडीसीत. वय ४३, उजव्या हाताने खेळतो, हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) २२. सराव घराच्या गच्चीवर जाळीत, चेंडू ते जाळी ३ मीटर. कोर्सवर खेळायला आणि शिकायला पुणे गाठावं लागतं, त्यामुळे शिक्षक समोर असण्याचा वेळ फार थोडा.

अडचण अशी: ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वात लांब क्लबचा, चेंडू सरळ निघतो आणि नंतर उजवीकडे वळत जातो (हाच स्लाइस), तो रफमध्ये, कडेच्या उंच गवतातच थांबतो. ७ आयर्नचा (हा आखूड क्लब) चेंडू मात्र थोडा डावीकडे निघतो आणि जरासाच परत येतो. ड्रायव्हरच्या फेसवर (चेंडूला लागणाऱ्या बाजूवर) टाल्कम पावडर लावून पाहिलं तर ठसे टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला. कंबर अधूनमधून धरते.

तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पुण्यातले शिक्षक, प्रमाणपत्रधारक, अनेक वर्षांचा अनुभव: डाव्या हाताची ग्रिप थोडी उघडी करा, स्विंग आडवा करा, जुन्या काळचे अमेरिकन दिग्गज बेन होगन यांच्यासारखा. दुसरे ऑनलाइन शिकवणारे: वजन उजव्या पायावर नेऊच नका, बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेतानाही डाव्यावर ठेवा. त्यांच्या पानावर टूरवरच्या खेळाडूंचे फोटो आहेत. तिसरे म्हणतात, हात उंच धरून हात आणि शाफ्ट एका रेषेत आणा. हे लाँच मॉनिटरच्या (चेंडू आणि क्लबची मोजमापं देणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांचे फोटो पाठवतात.

प्रश्न दोन. या पद्धती शेजारी शेजारी ठेवून कशा पाहायच्या? आणि शिकवणाऱ्याची पारख कशी करायची, की कुणावर उगाच अन्यायही होऊ नये आणि आपली वर्षंही वाया जाऊ नयेत?

---

गोदाकाठ

वाळूजकर, पद्धती थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी तुमचा चेंडू काय सांगतोय ते वाचू या. ते कळलं की अर्धा वाद आपोआप मिटतो.

चेंडू कुठल्या दिशेने निघतो हे मुख्यतः आघाताच्या क्षणी फेस कुठे बघतोय त्यावर ठरतं. ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के वाटा फेसचा, १५ टक्के क्लबच्या मार्गाचा. आयर्नला साधारण ७५ आणि २५. हवेत वळण किती पडणार हे फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकावर आणि चेंडू फेसच्या मध्यावर लागला की नाही यावर ठरतं. पूर्वी बरोबर उलटं शिकवलं जाई, की चेंडू मार्गाने निघतो आणि फेसकडे वळतो. रडारची यंत्रं आल्यावर, म्हणजे २००३ नंतरच्या काळात, हा प्रश्न निकालात निघाला.

आता तुमचा ड्रायव्हर. समजा मार्ग ६ अंश डावीकडे, म्हणजे बाहेरून आत, आणि फेस १ अंश उजवीकडे. निघण्याची दिशा: फेसचे ०.८५ उजवीकडे, मार्गाचे ०.९ डावीकडे. बेरीज जवळपास शून्य, म्हणून चेंडू सरळ निघतो. पण फेस आणि मार्गात ७ अंशांचं अंतर आहे, म्हणून वळण जबर. तुमचं वर्णन या आकड्यांत चपखल बसतं.

तोच मार्ग ७ आयर्नला ठेवा आणि फेस १ अंश डावीकडे धरा. ०.७५ आणि १.५, म्हणजे चेंडू सव्वादोन अंश डावीकडे निघणार. लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) जास्त असल्याने तेवढ्याच फरकात आयर्नचा चेंडू ड्रायव्हरपेक्षा कमी वळतो. म्हणजे तुम्हाला दोन वेगळे दोष वाटतात ते एकाच मार्गातून आलेले दिसतात. टाचेकडचा आघात यात भर घालतो: ड्रायव्हरचा फेस फुगीर असतो, टाचेला लागलेल्या चेंडूला उजवीकडे वळणारी फिरकी मिळते. ७ अंशांतलं काही वळण नुसत्या टाचेमुळेही असू शकतं. म्हणून आघाताची जागा आधी तपासायची, मग मार्गाला हात लावायचा.

अर्धवट दुरुस्तीत काय होतं तेही बघा. मार्ग तोच ठेवून फक्त फेस ४ अंश डावीकडे बंद केला, तर चेंडू सव्वाचार अंश डावीकडे निघेल आणि २ अंशांच्या फरकाने थोडा परत येईल. स्लाइस गेल्यासारखा वाटेल, पण चेंडू डाव्या झाडीत. फेस तसाच ठेवून मार्ग शून्यावर आणला तर चेंडू जवळपास सरळ. तुम्हाला बदल मार्गात हवाय, फेसला फार छेडायचं नाही.

जाळीत वळण दिसत नाही, पण निघण्याची दिशा फार स्वच्छ मोजता येते. ३ मीटरवर १ अंश म्हणजे ५ सेंटिमीटरच्या किंचित वर. सुतारी दोरीने टीपासून जाळीपर्यंत रेषा आखा, त्या रेषेवर जाळीसमोर ओळंबा सोडा, आणि जाळीवर ओळंब्याच्या दोन्ही बाजूंना दर ५ सेंटिमीटरला रंगीत चिंधी बांधा. चेंडू तिसऱ्या चिंधीला लागला की ३ अंश. पावडरचा ठसा आणि चिंधीचा आकडा, दोन्ही वहीत. मार्गासाठी बुटांचा रिकामा खोका चेंडूच्या ३० सेंटिमीटर मागे, रेषेच्या पलीकडच्या बाजूला, क्लबच्या टोकाला ५ सेंटिमीटर मोकळीक सोडून ठेवा. क्लब बाहेरून येत असेल तर खोका उडणारच.

आणि हे सगळं करण्याआधी खांदे बघा. स्लाइस मारणारे बरेच जण हळूहळू खांदे डावीकडे उघडतात आणि ड्रायव्हरचा चेंडू डाव्या पायाच्या टाचेच्याही पुढे ठेवतात. या दोन्हींनी मार्ग डावीकडे सरकतो. इलेक्ट्रिकवाल्याकडची पीव्हीसी नळी दोन्ही खांद्यांना लावून आरशात पाहा. हे सरळ केल्यावर उरलेला दोष कुठल्याही पद्धतीकडे न्यायला मोकळे.

---

अजिंठा_डोंगर

गोदाकाठांनी पाया घातलाय, आता पद्धतींकडे येऊ. प्रत्येक पद्धत कुठल्या तरी चुकीवरचा उपाय म्हणून जन्मते. ती चूक तुमची आहे का, हा पहिला प्रश्न.

बेन होगनला उमेदीच्या काळात हूकने, म्हणजे डावीकडे वळत जाणाऱ्या चेंडूने, हैराण केलं होतं. त्याने डाव्या हाताची ग्रिप कमकुवत केली (हात क्लबवर लक्ष्याच्या बाजूला वळवून धरला, सरांची ‘उघडी’ ग्रिप तीच) ती चेंडू डावीकडे वळू नये म्हणून. खांद्यांवरून चेंडूपर्यंत टेकवलेल्या काचेच्या तावदानाची त्याची कल्पना, कोपरं एकमेकांजवळ ठेवणं, कमरेने उतरणीची सुरुवात करणं, या गोष्टी मार्ग आतून आणायला आजही उपयोगी आहेत. पण कमकुवत ग्रिप फेस उघडते. तुमच्यासारख्या स्लाइसवाल्याने ती घ्यायची तर कारण विचारायलाच हवं. तरी पुण्याच्या सरांना लगेच चूक ठरवू नका. डावा हात वरून पाहिला की बोटांचे किती सांधे दिसतात? दोन ते तीन ठीक. चार दिसत असतील तर सरांनी अतिरेकी मजबूत ग्रिप पाहिली असेल, आणि ती दुरुस्त करणं रास्त असू शकतं. फोटो काढून बघा.

दुसऱ्यांची पद्धत माइक बेनेट आणि अँडी प्लमर या शिक्षकांची, ‘स्टॅक अँड टिल्ट’ नावाने ओळखली जाणारी. साधारण २००६-०७ पासून तिचा बोलबाला झाला. वजन डाव्या पायावर, बॅकस्विंगमध्ये डावा खांदा खाली, हात आतल्या कमानीवर, उतरताना कंबर पुढे आणि वर. टीकाकार हिला ‘रिव्हर्स पिव्हट’ म्हणतात, ते मला पटत नाही. रिव्हर्स पिव्हटमध्ये वजन चढताना डावीकडे पडतं आणि मारताना उजवीकडे ढळतं. इथे ते मारतानाही डावीकडेच वाढत जातं. विरोधकाने रंगवलेल्या चित्रावरून पद्धत नाकारू नये, पुरस्कर्ते नेमकं काय सांगतात ते वाचून नाकारावी.

तुम्हाला तिचा फायदा काय? स्विंगचा सर्वात खालचा बिंदू पुढे सरकतो, आयर्न आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागतो. आणि क्लब खाली जात असताना चेंडूला भेटला की मार्ग उजवीकडे सरकतो. ४५ अंशांच्या प्लेनवर (क्लब ज्या तिरक्या पातळीत फिरतो ती) दर १ अंश खाली मारण्यामागे मार्ग सुमारे १ अंश उजवीकडे. बाहेरून आत येणाऱ्याला हे हवंच आहे. तोटा ड्रायव्हरला: चेंडू खाली निघतो, फिरकी वाढते, अंतर जातं. अर्थात ड्रायव्हर वरच्या दिशेनेच मारायला हवा असंही नाही. अमेरिकेच्या पुरुष टूरवर (व्यावसायिक मालिकेत) क्लब चेंडूला कुठल्या कोनात भेटतो याची, लाँच मॉनिटर बनवणाऱ्या ट्रॅकमॅनने दिलेली सरासरी ड्रायव्हरला उणे १.३ अंश आणि ७ आयर्नला उणे ४.३ अंश होती, म्हणजे दोन्ही किंचित खालीच. ४ किंवा ५ अंश खाली ड्रायव्हर मारू लागलात तर मात्र नुकसान.

तिसरी, एका रेषेची पद्धत, कॅनडाच्या मो नॉर्मनची आठवण करून देते. १९५५ आणि १९५६ चा कॅनडाचा हौशी विजेता, अचूकतेसाठी नावाजलेला. आजच्या काळात ब्रायसन डीशँबोने हात उंच धरूनच २०२० आणि २०२४ ची यूएस ओपन जिंकली. विचार साधा आहे: बहुतेकांचे हात आघाताच्या क्षणी सुरुवातीपेक्षा उंच येतात, तर ते सुरुवातीलाच तिथे ठेवा. पण त्या विजयांत डीशँबोचे आयर्न एकाच लांबीचे होते आणि त्यांचा लाय (शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन) खूप उभा होता. दुकानातल्या नेहमीच्या क्लबने हात नुसते वर उचलले की क्लबचं टोक खाली जातं आणि फेस उजवीकडे बघू लागतो. स्लाइसवाल्याला तो तोटाच. शिवाय मनगट आधीच ताणलेलं असल्याने ते मोडायला जागा कमी उरते. तिसऱ्या शिक्षकांनी क्लबचा लाय बदलण्याबद्दल काही सांगितलंय का? नसेल तर सल्ला अर्धाच मिळालाय.

एक इशारा. शिक्षक जिम हार्डी यांनी एक-प्लेन आणि दोन-प्लेन अशी जी विभागणी मांडली तिचा खरा उपयोग इथे होतो. एक-प्लेनवाला जास्त वाकतो, हात खांद्यांच्याच उतारावर फिरतात. दोन-प्लेनवाला ताठ उभा राहतो, हात खांद्यांपेक्षा उभे चढतात. दोन्हींनी उत्तम खेळता येतं. पण ताठ उभं राहून हात आडवे फिरवले, किंवा खूप वाकून हात उभे चढवले, की उतरताना जागा शोधावी लागते, आणि आघात कधी टाचेला तर कधी टोकाला होतो. तीन शिक्षकांचे तीन तुकडे जोडून चौथी पद्धत करू नका.

---

फिजिओ_परभणी

कंबर धरते म्हणालात म्हणून थोडक्यात लिहिते, कारण वर कुणी शरीराचा विचार केलेला दिसला नाही.

खुर्चीवर बसा, गुडघे काटकोनात. डावी मांडी हलू न देता डावं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. नडगी ३५ अंशांच्या आसपास किंवा जास्त फिरत असेल तर ठीक. २५ च्या खाली अडकत असेल तर आघातानंतर डाव्या खुब्याला वळायला जागा नाही, आणि ते वळण कंबर घेते. अशा वेळी डावं पाऊल लक्ष्याकडे २० ते ३० अंश उघडून उभं राहा. कुठलीही पद्धत घेतली तरी हे चालतं.

स्टॅक अँड टिल्टमध्ये बॅकस्विंगला डाव्या कुशीला वाकणं आणि मारताना पाठ मागे ताणणं, दोन्ही आहेत. मागे वाकल्यावर दुखणाऱ्या कंबरेला हे सोसत नाही. होगनच्या धाटणीचा खोल वाक पुढे वाकल्यावर दुखणाऱ्याला त्रास देतो. म्हणजे आधी तुमची कंबर कशाने दुखते ते पाहा, पद्धत त्यानंतर. कळ मांडीत किंवा पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर स्विंग बंद आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

गच्चीवर स्लॅबवर नुसती मॅट टाकून मारत असाल तर खाली रबराचा जाड थर घाला. आयर्न स्लॅबवर आपटला की धक्का कोपर आणि मनगट खातात. मॅट आणखी एक गोष्ट लपवते: क्लब चेंडूआधी टेकला तरी घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. चेंडूच्या १० सेंटिमीटर मागे दुमडलेला पंचा ठेवा. त्याला स्पर्श झाला तर मातीवर तो फटका जड गेला असता.

---

डावखुरा_लातूर

वाळूजदादा, मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. शिक्षकाची पारख.

माझ्या मते एकच कसोटी बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार आहे: शिक्षक तुमच्या चेंडूबद्दल आधी सांगतो का, आणि सांगितलेलं होतं का. “ही ग्रिप घ्या, पहिले काही चेंडू डावीकडे निघतील पण उजवीकडे वळणार नाहीत, ठसा टाचेवरून मध्याकडे सरकेल.” असं बोलणारा माणूस स्वतःला तपासायला देतोय. “हळूहळू जमेल, विश्वास ठेवा” यात तपासायला काही नाही. पहिल्याचं भाकीत चुकलं तरी त्याचा मान कमी करू नका. चुकल्यावर तो काय करतो ते बघा. कारण शोधून उपाय बदलतो, की तुम्ही नीट केलं नाही म्हणतो?

आता प्रमाणपत्रं. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया ही इंडियन गोल्फ युनियनची संस्था शिक्षकांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देते. पीजीए ही गोल्फ व्यावसायिकांची संघटना: ब्रिटनची १९०१ ची, अमेरिकेची १९१६ ची, त्यांचं प्रशिक्षण दीर्घ असतं. यातलं काही असेल तर माणसाने शिकवण्याचा अभ्यास केलाय, नियम, साहित्य आणि मूलभूत दोष त्याला ठाऊक आहेत, एवढं धरायला हरकत नाही. पीजीटीआय ही मात्र व्यावसायिक खेळाडूंची मालिका. तिथे खेळलेला माणूस उत्तम खेळतो, शिकवण्याचा दाखला तो नव्हे. टीपीआयचा (टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट) पहिला टप्पा शरीराच्या हालचाली तपासण्याचा छोटा अभ्यासक्रम आहे. ट्रॅकमॅनची परीक्षा ऑनलाइन देता येते, ती आकडे वाचता येतात एवढं सांगते. चारही कागद भिंतीवर सारखेच दिसतात, म्हणून कुठला कागद कशाचा ते विचारायचं. आणि कागद नसलेला माणूस वाईट शिक्षक, असंही धरायचं नाही.

खेळाडूंचे फोटो. दुसऱ्या शिक्षकांना विचारा, हा खेळाडू तुमच्याकडे कधी आला, आणि त्याआधी काय जिंकला होता? याच पद्धतीचं उदाहरण बघा. माइक वीअरने मास्टर्स जिंकली २००३ मध्ये, ही पद्धत त्याने घेतली त्यानंतर. ॲरन बॅडलीही काही काळ या पद्धतीने खेळला आणि मग ती सोडून गेला. यावरून पद्धत खोटी ठरत नाही. पण फोटो तारखेशिवाय काही सिद्ध करत नाही. तुमच्या कामाचा पुरावा म्हणजे २० ते २५ हँडिकॅपने सुरुवात केलेले साधे विद्यार्थी, आणि त्यातही जे मध्येच सोडून गेले त्यांचं काय झालं. प्रामाणिक शिक्षक सोडून गेलेल्यांबद्दलही बोलतो.

आकड्यांचे फोटो. तिसऱ्या शिक्षकांना दोन गोष्टी विचारा. हे यंत्र मार्ग आणि फेस प्रत्यक्ष मोजतं की चेंडूवरून हिशेबाने काढतं? आणि मारलेल्या किती चेंडूंपैकी हे चेंडू निवडले? रडारवर चालणाऱ्या स्वस्त यंत्रांना चेंडू उडायला पुरेशी जागा लागते, ३ मीटरच्या जाळीत त्यांचे फिरकीचे आकडे अंदाजच असतात. दहापैकी दहा चेंडूंची यादी ही माहिती. निवडलेला एक फोटो ही जाहिरात.

आधीच्या आणि नंतरच्या व्हिडिओंत कॅमेऱ्याची जागा तीच आहे का तेही पाहा. मागून चित्रण करताना फोन अर्धा मीटर बाजूला सरकला की तोच स्विंग आतून आल्यासारखा दिसतो.

आता न्यायाची गोष्ट, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. जुन्या पिढीतले अनेक शिक्षक चेंडूच्या उड्डाणाचं स्पष्टीकरण चुकीचं देतात आणि उपाय मात्र अचूक देतात. “चेंडू मार्गाने निघतो” म्हणणाऱ्या शिक्षकाचा खोका ठेवण्याचा सरावही मार्ग सुधारतोच. स्पष्टीकरण आणि उपाय यांना वेगवेगळे गुण द्या. उलटही असतं. भौतिकशास्त्र तोंडपाठ असलेला शिक्षक एका तासात सात सूचना देतो आणि विद्यार्थी एकही पाळू शकत नाही.

आणखी एक फसगत: आपण शिक्षकाकडे जातो ते खेळ सगळ्यात बिघडलेला असताना. त्यानंतर काहीही न करता तो थोडा सावरतोच. म्हणून लेसनच्या आधीच्या आठवड्यात गोदाकाठांच्या चिंध्यांवर ड्रायव्हरचे १० आणि ७ आयर्नचे १० चेंडू मारून लिहून ठेवा, आलटून पालटून, एकही न गाळता. लेसनच्या शेवटी मोजू नका, तिथे एकाच फटक्याची लय लागलेली असते. दुसऱ्या दिवशी अंग गरम करून लगेच पुन्हा तेच २० मोजा, आणि मग तीन आठवड्यांनी. मोजायचं ते एवढंच: किती चेंडू ओळंब्याच्या दोन्ही बाजूंच्या दुसऱ्या चिंधीच्या आत, आणि किती ठसे फेसच्या मधल्या भागात. सर्वोत्तम चेंडू मोजायचा नाही.

---

मांजरा_पट्टा

राग मानू नका, पण इतकं मोजमाप करत बसलं की खेळ राहतो बाजूला. चिंध्या, खोका, पावडर, वही. स्विंग दीड सेकंदात संपतो, त्यात डोक्यात इतकं असलं तर हात चालणारच नाहीत. एक शिक्षक धरा, वर्षभर त्याचंच ऐका. तिघांच्या तीन ओळी वाचूनच वाळूजकरांचा निम्मा गोंधळ झालाय.

---

डावखुरा_लातूर

मांजरा भाऊ, एका वेळी एकच शिक्षक, हे शंभर टक्के मान्य. डोक्यात एकच सूचना, तीही शरीरापेक्षा बाहेरच्या गोष्टीची असावी, हेही मान्य. “डावं कोपर असं, मनगट तसं” यापेक्षा “खोक्याला न लागता क्लब आणा” हे लवकर मुरतं. शिकण्यावरचं संशोधनही बाहेर लक्ष ठेवण्याच्या बाजूने आहे.

पण वर्षभर डोळे झाकून नाही. पुण्याला जाऊन येऊन साडेचारशे किलोमीटरच्या वर प्रवास आणि वर फी. सहा आठवड्यांत ठसा टाचेवरून हलला नाही, तर शिक्षकाला ते दाखवण्याचा हक्क आहे. मोजणी मारताना करायची नाही, मारून झाल्यावर वहीत. आणि अपेक्षा टप्प्याने ठेवा: आघाताची जागा आणि निघण्याची दिशा पहिल्या काही आठवड्यांत हलायला हवी, स्कोअर बराच उशिरा. हँडिकॅप शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ वर निघतो. फेऱ्या कमी खेळणाऱ्याचा तो आकडा शिक्षकाच्या परीक्षेला फार संथ पडतो.

---

वाळूज_गोल्फ

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रिपचा फोटो काढला, सांधे अडीचच दिसतात. खांद्यांना नळी लावली तर ती जाळीच्या बरीच डावीकडे बघते. मागे वाकलं की कंबर दुखते, पुढे वाकून नाही. म्हणजे दुसरी पद्धत मला तूर्त नको, आणि पुण्याच्या सरांकडेच राहावंसं वाटतं. पण कमकुवत ग्रिपबद्दल त्यांना विचारू कसं? वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत, परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये.

---

अजिंठा_डोंगर

समोर विचारण्याआधी लिहून पाठवा, त्यांना विचार करायला वेळ मिळतो. असं काहीतरी:

“सर नमस्कार. सोबत २० चेंडूंची नोंद आणि ग्रिपचा फोटो पाठवतो आहे. ड्रायव्हरचे ठसे टाचेकडे आहेत, चेंडू सरळ निघून उजवीकडे वळतो. खांदे डावीकडे उघडे आढळले, ते सरळ करतो आहे. डाव्या हाताची ग्रिप उघडी करायला सांगितलंत, त्यामागे माझ्या स्विंगमधलं काय पाहिलंत ते समजून घ्यायचं आहे. आणि बदल बरोबर होतोय हे मला जाळीत कशावरून ओळखता येईल?”

शेवटचं वाक्य मुख्य. त्याच्या उत्तरात डावखुऱ्यांनी सांगितलेलं भाकीत आपोआप येतं. कदाचित सर म्हणतील, खांदे सरळ झाल्यावर ग्रिप आहे तशीच राहू दे. तसं म्हणाले तर तो चांगल्या शिक्षकाचा पुरावा समजा.

---

गोदाकाठ

सोबत व्हिडिओही पाठवा, पण नीट काढून. मागून काढताना फोन हातांच्या उंचीवर, हातांच्या सरळ मागे, भिंग लक्ष्यरेषेला समांतर. समोरून काढताना छातीच्या उंचीवर, रेषेला काटकोनात. फोन हातात धरू नका, स्टूलवर ठेवा आणि जागेवर खडूने खूण करा. सेकंदाला ३० चित्रांवर काढलेला व्हिडिओ आघातासाठी निरुपयोगी: ताशी १०० मैलांचा क्लब दोन चित्रांमध्ये जवळजवळ दीड मीटर पुढे जातो. २४० वर तेच अंतर १९ सेंटिमीटरच्या आत येतं. उजेड भरपूर हवा, म्हणून सकाळी काढा. ऊन चढल्यावर गच्चीच्या पांढऱ्या फरशीवरून इतकं चमकतं की शाफ्ट दिसतच नाही.

आणि जाळी कुठली आहे ते एकदा तपासा. गोल्फचा चेंडू किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा. क्रिकेटच्या जाळीचं घर त्याहून मोठं असेल तर चेंडू आरपार जाईल, आणि गच्चीवरून गेलेला चेंडू खाली गल्लीत कुणाच्या डोक्यावर पडेल. २५ मिलिमीटरच्या आतलं घर घ्या, जाळी ताणून न बांधता सैल सोडा, आणि तिच्या मागे हातभर अंतरावर जुनी गोधडी टांगा. ताणलेल्या जाळीवरून चेंडू तुमच्याच अंगावर परत येतो.